गावातल्याच एक बाई

दुर्गेशला कुणी एडिटर म्हटलं की बरं वाटायचं, पण "तू कुठलं सॉफ्टवेअर वापरतोस?" असं विचारलं की त्याहून बरं वाटायचं. कारण मग तो लॅपटॉप उघडायचा, एक काळी खिडकी समोर आणायचा आणि माऊसला हातही न लावता तिच्यात एक ओळ टाइप करायचा. आधी एफएफएमपेग हे प्रोग्रामचं नाव, मग कुठून कापायचं तो सेकंद, कुठवर ठेवायचं तो सेकंद, फाईलचं नाव, आणि एंटर. डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हिडिओचा हवा तेवढा तुकडा बाजूला पडलेला असायचा. बघणाऱ्याचं तोंड उघडं राहायचं आणि दुर्गेश मात्र हे काय रोजचंच, अशा चेहऱ्यानं पाण्याची बाटली शोधायचा.

खरं कारण एवढंच होतं की लॅपटॉप जुना होता. मोठं सॉफ्टवेअर उघडलं की त्याचा पंखा ओरडायला लागायचा आणि थोड्या वेळात सगळंच थिजायचं. म्हणजे विद्या गरजेपोटी आलेली होती. पण हे तो कुणाला सांगायचा नाही. तऱ्हाच होती ती त्याची. जे होतं ते थोडं झाकायचं, जे नव्हतं ते थोडं सजवायचं. यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसायचा, हेही कबूल केलं पाहिजे.

जन्म नवेगाव बांध या मोठ्या तलावाच्या काठच्या गावातला. बाप लहानपणीच गेला, आईनं मासोळ्या विकून आणि दुसऱ्याच्या बांधीत धान कापून वाढवला. गोंदियाला कॉम्प्युटर शिकायला गेला तो तिथेच खोली करून राहिला. सहा वर्षांत त्याच्या जिभेवरचं 'काऊन' गेलं, 'कायले' गेलं, आणि फोनवर पलीकडे कुणी साहेब असला की अगदी बातम्या सांगणाऱ्यासारखा आवाज यायला लागला. गावी असताना असा फोन आला की आई, म्हणजे धनवंता, भिंतीकडे तोंड करून हसायची. "का बोलते माहा पोरगा!" म्हणायची. गावात काही घरांत आईला बाई म्हणतात, पण तो घरी तिला माय म्हणायचा. जन्मापासून माय, दुसरं काही नाही.

दिवाळीनंतर पुण्याहून संध्या मॅडम आल्या. तलावातल्या पाणवनस्पती परत लावणाऱ्या बायांवर त्या फिल्म करत होत्या. कॅमेरा त्या स्वतः चालवायच्या, पण क्लिपा कापून, नावं देऊन, नीट लावून देणारा माणूस त्यांना इथलाच हवा होता. कुणी तरी दुर्गेशचं नाव सुचवलं. पहिल्याच दिवशी त्यानं काळी खिडकी उघडून दाखवली आणि मॅडम म्हणाल्या, "अरे वा, तुम्ही तर जादूगार आहात." 'तुम्ही' म्हणाल्या. ते 'तुम्ही' त्याला दोन दिवस पुरलं.

गाडी गोंदियाहून निघाली. कोहमाऱ्याच्या ढाब्यांपाशी वळताना मॅडमनी सहज विचारलं, "घरचे कुठे असतात तुमचे?"

"गोंदियालाच," दुर्गेश म्हणाला.

काही गरज नव्हती. कुणी मागितलेलं नव्हतं खोटं. पण जीभ बोलून गेली, आणि ज्या गावाकडे गाडी चालली होती ते त्याचंच गाव होतं. त्याचा हिशेब असा, की आई आज धान कापायला गेलेली असणार. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बकाराम कुठल्या तरी चार बायांना घाटावर पाठवतील, अर्ध्या दिवसात काम उरकेल आणि गाडी पुढे देवरीच्या जंगलाकडे निघून जाईल. चार तास निभावून न्यायचे, बस.

घाटावर पोचले तर बाया लांब पाण्यात होत्या, ओळखूही येत नव्हत्या. मॅडमनी तिवईवर कॅमेरा लावला आणि उजेड बघायला म्हणून चालूच ठेवला. तेवढ्यात पाण्यातून एक बाई काठाकडे यायला लागली. लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, त्याच्यावर चिखल, डोक्यावर उपटलेल्या बेशरम नावाच्या झुडपांचा भारा, आणि गुडाखूची तंबाखू दातांवर घासून काळं झालेलं एक बोट. त्या बोटानंच तिनं कपाळावरचं पाणी पुसलं. धनवंता होती ती. धान कापायला गेलीच नव्हती.

"ह्या कोण?" मॅडमनी विचारलं.

दुर्गेशच्या मनात त्या एका क्षणात काय काय आलं! गोंदिया आलं, ते 'तुम्ही' आलं, आणि सगळ्यांच्या वर ते काळं बोट आलं. तो म्हणाला, "ह्या… गावातल्याच एक बाई आहेत. तळ्यातलं बरंच कळतं त्यांना."

आई अजून दहा-बारा पावलांवर होती. तिनं ऐकलं नसणार, असं त्यानं लगेच ठरवून टाकलं. ती आली, भारा खाली टाकला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सांगा जी, का पायजे तुमाले?"

'तुमाले' हे मॅडमना होतं की त्याला? मॅडमना, असं त्यानं ठरवलं. मॅडमनी नाव विचारलं. "धनवंता." आडनाव विचारलं, तर म्हणाली, "नावच पुरते जी. आमाले कोन आडनावानं हाक मारते?" मॅडम हसल्या. दुर्गेशही हसला, आणि त्याच्या मानेवरचा घाम पुसायचं त्याला सुचलं नाही.

पण धनवंता बोलायला लागली तेव्हा मॅडम कॅमेऱ्यामागून हलल्या नाहीत. कुठल्या गवताखाली कुठली मासोळी अंडी घालते, देवधान हा आपोआप उगवणारा रानभात कोणत्या पाण्यात धरतो, बांधात काय लावावं आणि काय ठेवू नये, सगळं तिनं वाहत्या पाण्यासारखं सांगितलं. अध्येमध्ये दुर्गेशला काही धरायला लागलं तर "भाऊ, थे कांडी द्या इकडं" असं म्हणाली. सख्ख्या पोराला भाऊ! बाकीच्या बाया पाण्यातून वर येईस्तोवर ऊन चढलं, मॅडमनी सामान आवरलं आणि गाडी निघाली. दुर्गेशनं खिडकीतून मागे बघितलं नाही. आपण सुटलो, असं वाटलं त्याला.

पंधरा दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "फिल्म व्हायला अजून वेळ आहे, पण ज्यांचं चित्रण केलं त्यांना आधी दाखवायचं, असा माझा नियम आहे. आपण गावात जाऊ."  आईची क्लिप सर्वांत चांगली झाली होती आणि मॅडमना ती पहिलीच दाखवायची होती.

क्लिपेच्या सुरुवातीला त्याचा तो आवाज होता. अकराव्या सेकंदाला "ह्या कोण", बाराव्याला "गावातल्याच एक बाई". सतराव्या सेकंदापासून आईची मुलाखत. म्हणजे उपाय हातातलाच होता. त्यानं काळी खिडकी उघडली, सतरा लिहिलं, पुढे कॉपी लिहिलं आणि एंटर दाबलं. कॉपी म्हणजे व्हिडिओ नव्यानं घडवायचा नाही, आहे तसाच उचलायचा. म्हणून तर काम चुटकीसरशी होतं. तुकडा लावून बघितला. आईच्या वाक्यापासूनच सुरू होत होता. परत बघितला. ठीक होता. चोराच्या मनात चांदणं, म्हणून तिसऱ्यांदाही बघितला.

आता यातली गोम दुर्गेशला माहीत नव्हती असं नाही. घाईत त्यानं ती मनावर घेतली नाही. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. दर काही सेकंदांनी एक अख्खं चित्र असतं, आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढीच नोंद असते. नुसतं उचलून कापलं तर कापणी मधल्या चित्रावर होत नाही, मागच्या अख्ख्या चित्रापर्यंत मागे जाते. मॅडमच्या जड फायली त्यानं आधी स्वतःच हलक्या करून घेतल्या होत्या, आणि तेव्हा अख्खी चित्रं दहा-दहा सेकंदांवर पडली होती. म्हणजे मधले सात सेकंद तुकड्यातच राहिले होते. फायलीवर "सतरापासून दाखव" अशी चिठ्ठी तेवढी लागली होती. त्याच्या लॅपटॉपनं ती चिठ्ठी वाचली होती. प्रत्येक यंत्र वाचेलच असं नाही.

समाजमंदिरात दुपारी चारला सगळं गाव जमलं. खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केला होता. बाया पुढे बसल्या होत्या, धनवंता धुतलेलं हिरवं लुगडं नेसून त्यांच्या मधोमध. सोसायटीचे बकाराम खुर्चीवर, कान पुढे करून. लॅपटॉप लावायचा तर वायर पुरेना, म्हणून मॅडमनी पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरलाच लावला. दुर्गेश भिंतीला टेकून उभा होता. आज आईला आपण पडद्यावर दाखवतोय, याचा त्याला चक्क अभिमान वाटत होता. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो बघा.

पडदा उजळला. बांधाचं पाणी दिसलं. पाण्यातून बाई येत होती. आणि मॅडमचा आवाज आला, "ह्या कोण?"

 दुर्गेशला पळत जाऊन पेनड्राइव्ह उपटायचा होता, पण मध्ये सगळं गाव दाटीनं बसलं होतं. सगळ्या समाजमंदिरात त्याचाच आवाज घुमला, तो बातम्यांवाला आवाज: "ह्या… गावातल्याच एक बाई आहेत. तळ्यातलं बरंच कळतं त्यांना."

 पडद्यावर धनवंता भारा टाकून सांगत होती, "हा बेशरम. याले वरतून कापला का आखीन जोमानं फुटते. एक कांडी पान्यात राह्यली तरी थे मूळ धरते. जडीपासून उपटा लागते याले." एरवी या वाक्यावर सगळे हसले असते.

बकाराम खुर्चीतून उठलेच. "का बोलला रे थो? गावातली बाई?" त्यांनी अंधारात दुर्गेशला शोधलं. "अरे दुर्गेश, तुही माय होय ना थे!"

मॅडमनी क्लिप थांबवली. कुणी तरी एक सतरंजी बाजूला सारली आणि उजेड नेमका दुर्गेशच्या तोंडावर पडला. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. "ह्या तुमच्या आई?" त्यांनी विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुर्गेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

मग धनवंता उठली. पदर नीट केला आणि मोठ्यांदा हसली. "हव जी मॅडम, माहाच पोरगा होय थो. पन लहानपनापासून मले बाईच म्हंते ना! सवयच हाय त्याची. थ्या दिसी बी तसंच बोलून गेला. आन गावातली तं मी हावच, का मी गोंदियाची हाव?"

 पुढे बसलेली शेजारची सुलोचनाबाई, जिच्या अंगणातून दुर्गेशची "माय, ओ माय" ही हाक सकाळ-संध्याकाळ जायची, ती म्हणाली, "हव जी. बाईच म्हंते थो." तिच्या मागून आणखी एक म्हणाली, "लहानपनापासून." मग बकाराम. त्यांनी धनवंताकडे बघितलं, दुर्गेशकडे बघितलं, आणि हळूच खुर्चीत बसले. "हव… हव. बाईच म्हंते. मीच भुललो, म्हातारा झालो आता."

सगळं गाव त्याच्यासाठी खोटं बोललं. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला खुणावलं नाही. दुर्गेशला वाटलं, यांनी जोडे मारले असते तर सोसलं असतं. मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही मला गाडीत…" आणि तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, "पुढची क्लिप लावा."

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा आई ओसरीवर पावशी, म्हणजे विळी, पायाखाली धरून मासोळ्या साफ करत होती. तो समोर उकिडवा बसला. 

"माय," तो म्हणाला.

"बाई म्हन," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"माय, मी त्या दिवशी…"

"बाई म्हन ना बाबू. चार मानसाईत सांगून बसली मी. उद्या मॅडम जेवाले येनार हाय आपल्या घरी. तुह्या तोंडून माय निघालं तं मी खोटी पडन, सुलोचना खोटी पडन, बकारामबुवा या वयात खोटे पडतीन. कायले? आता म्हनून पाय, म्हंजे उद्या अटकनार नाई."

त्यानं तोंड फिरवलं. ती थांबली होती. पावशीवरचा हातही थांबला होता. शेवटी तो म्हणाला, "बाई." ती "हं" म्हणाली आणि मासोळी कापायला लागली.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवायला आल्या. मांडी घालून बसल्या, मासोळीचं कालवण दोनदा मागून घेतलं. दुर्गेशला ठसका लागला आणि सवयीनं ओठावर 'मा' आलं. ते तिथेच गिळून तो म्हणाला, "बाई, पाणी." धनवंता जन्मभर त्याच हाकेला ओ देत असल्यासारखी उठली. "आनतो, बाबू." मॅडम ताटाकडे बघत राहिल्या. हात धुताना त्या दुर्गेशला एवढंच म्हणाल्या, "सुरुवातीचं ते तेवढं काढून टाका. या वेळी नीट."

नीट काढायचं म्हणजे कॉपी चालत नाही. व्हिडिओ नव्यानं घडवावा लागतो, आणि नेमकं कुठे कापायचं ते एकेक चित्र पुढे सरकवून बघावं लागतं. दुर्गेश तिथेच ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला. आई बांधावर गेली होती. त्यानं दहाव्या सेकंदापासून एकेक चित्र पुढे न्यायला सुरुवात केली. आपलं वाक्य त्याला ऐकावं लागलं. एकदा नाही, पंधरा-वीस वेळा. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा खोटं वाटत होतं, आणि प्रत्येक वेळी ते त्याचंच होतं.

समाजमंदिरात तो आवाजच ऐकत राहिला होता, पडद्याकडे त्यानं बघितलंच नव्हतं. आता बघितलं. अकराव्या सेकंदाला आईनं काठावर उभ्या पोराला ओळखलेलं होतं. चेहरा असा उजळला होता की भारा डोक्यावर आहे हे ती विसरली असावी. ते काळं बोट असलेला हात वर आला होता, तोंड उघडलं होतं, हाक मारायच्या बेतात. मग पुढची काही चित्रं, 'गावातल्याच' या शब्दाची. हात तिथेच होता. मग 'एक बाई'. हात हळूहळू खाली आला, आणि खाली येता येता त्यानं पदर सारखा केला, जसं काही त्यासाठीच वर गेला होता. तोंड मिटलं. पुढच्या चार पावलांत तिनं चेहरा पूर्ण पुसून टाकला, आणि काठावर पोचली तेव्हा ती गावातलीच एक बाई झालेली होती.

तिनं ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी, दहा पावलांवरून. 'भाऊ' त्यातूनच आलेलं, आडनाव त्यासाठीच गिळलेलं. आणि हे सगळ्या गावानं भिंतभर मोठ्या पडद्यावर पाहिलं होतं, त्याच्या आधी. म्हणून तर सगळे खोटं बोलले होते. दुर्गेशनं लॅपटॉपवर डोकं टेकलं आणि रडला. मग डोळे पुसून सतरावा सेकंद लिहिला, कॉपी हा शब्द खोडला आणि एंटर दाबलं. या वेळी बराच वेळ लागला. पंखा ओरडत राहिला. तुकडा निघाला तेव्हा त्याच्या मागे काहीच उरलं नव्हतं.

मॅडमना क्लिप देताना त्यानं सांगायला सुरुवात केली, "मॅडम, मी तिला घरी बाई म्हणत नाही. मी…"

"ते मला नका सांगू," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. "मी परवा जेवायला आले होते ना, तेव्हाच कळलं."

आठव्या दिवशी मॅडमची गाडी निघाली. धनवंतानं त्यांना देवधानाची एक पुरचुंडी दिली. गाडी वळणाआड गेली तशी दुर्गेश तिच्याजवळ आला. रस्त्यावर ती दोघंच होती. आठ दिवस दातांखाली धरून ठेवलेला शब्द त्यानं सोडला.

"माय."

ती गाडी गेली त्या दिशेनंच बघत होती. तिनं ओ दिली नाही. त्यानं परत म्हटलं, "माय, गेल्या आता त्या."

"गेल्या," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता. पोराची सोय बघणाऱ्या बाईचा चेहरा होता तो. "पन बाईच म्हनत जाय आता. सवय झाली तुले. आन बरं पडते थे बाबू, घरात बी चालते, चार मानसाईत बी चालते."